शाफ्ट, बुश आणि स्पेसर: पार्ट कोडिंगच्या प्रकल्प नोंदी

६ जून

कामाची व्याप्ती ठरली. मशीन शॉपमध्ये बनणाऱ्या पार्टांना कोड द्यायचा, त्यावरून सारख्या पार्टांचे गट पाडायचे आणि मग त्या गटांसाठी मशिनं एकत्र आणून सेल मांडता येतो का ते पाहायचं. आत्ता लेथ एका रांगेत आहेत, मिलिंग मशिनं दुसऱ्या रांगेत आणि ग्राइंडर वेगळ्या खोलीत. त्यामुळे प्रत्येक बॅच सगळ्या शॉपभर फिरते, आणि मशीनवर चढण्यापेक्षा मशीनसमोर थांबण्यात तिचा जास्त वेळ जातो.

पहिल्याच बैठकीत जाणवलं की ‘सारखे पार्ट’ म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं काहीतरी आहे. डिझाइनवाल्यांना हवंय: असा पार्ट आपण आधी काढलाय का? प्लॅनिंगला हवंय: जुनी प्रोसेस शीट थोड्या बदलाने वापरता येईल का? आणि शॉपमध्ये सेटिंग करणाऱ्यांना हवंय: हा जॉब उतरवून तो चढवताना मला काय काय बदलावं लागेल? हे तीनही प्रश्न रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. कोडमधला प्रत्येक अंक यातल्या निदान एका प्रश्नाला उपयोगी पडला पाहिजे. नाहीतर तो अंक भरण्यात लोकांचा वेळ घालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

९ जून

कुठली पद्धत घ्यायची यावर आज बोलणं झालं. रचनेच्या दृष्टीने मूळ प्रकार दोन. एक शाखांचा कोड, ज्यात प्रत्येक अंकाचा अर्थ त्याच्या आधीच्या अंकावर अवलंबून असतो. दुसरा साखळीचा, ज्यात तिसऱ्या जागेचा अंक नेहमी एकाच गोष्टीबद्दल बोलतो. शाखांच्या कोडमध्ये थोड्या अंकांत खूप माहिती मावते, पण ‘कीवे (चावी बसवायची खाच) असलेले सगळे पार्ट दाखवा’ असं विचारलं तर प्रत्येक फांदी चढून बघावी लागते. साखळीच्या कोडमध्ये हे एका जागेवर नजर टाकून कळतं. मात्र पाच जागा आणि प्रत्येकी दहा पर्याय म्हटले की सगळ्या मिळून ५० गोष्टीच सांगता येतात.

जपानची केके-३ पद्धत २१ अंकी आहे. डीक्लास आठ अंकी आणि निर्णयवृक्षावर चालणारी. आम्ही ओपिट्झ पद्धत घेतली. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात हेरवार्ट ओपिट्झ यांनी ती तयार केली. पाच अंक आकाराचे आणि त्यांच्यापुढे चार पूरक अंक. पहिला अंक पार्टाचा वर्ग सांगतो आणि पुढच्या अंकांची यादी त्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे ती पूर्ण साखळीही नाही आणि पूर्ण शाखाही नाही. हातात ड्रॉइंग आणि समोर तक्ता असला की कोणालाही वापरता येते, हे तिच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण. सुरुवात फक्त गोल, म्हणजे टर्निंगच्या पार्टांपासून करायची. ब्लॉक, प्लेट आणि हाउसिंग नंतर.

१३ जून

कोडिंग सुरू झालं. पुढे कोणी नवीन माणूस या कामात आला तर त्याला उपयोग व्हावा म्हणून दोन पार्ट सविस्तर लिहून ठेवतो.

पहिला: फ्लँज (टोकाची रुंद कड) असलेला बुश, म्हणजे आतून पोकळ गोल पार्ट. लांबी ४०, सर्वात मोठा व्यास १००. लांबी भागिले व्यास ०.४, म्हणजे ०.५ च्या आत, चकतीचा वर्ग: ०. बाहेरून एकाच दिशेने पायऱ्या, थ्रेड किंवा ग्रूव्ह नाही: १. आत एका बाजूने पायरीचा बोअर (आतलं मोठं भोक) आणि त्यात सर्क्लिपची, म्हणजे अडकवून ठेवणाऱ्या स्प्रिंग रिंगची ग्रूव्ह: ३. मिलिंगचं काम नाही: ०. पीसीडीवर, म्हणजे भोकांच्या केंद्रांच्या वर्तुळावर, सहा अक्षीय भोकं: २. कोड ०१३०२.

दुसरा: पायऱ्यांचा शाफ्ट. लांबी ३२०, मोठा व्यास ४५. गुणोत्तर ७.१, म्हणजे ३ च्या वर, लांब वर्ग: २. दोन्ही टोकांकडे पायऱ्या आणि एका टोकाला थ्रेड: ५. आत बोअर नाही: ०. बाहेर कीवे: ३. जादा भोकं किंवा दाते नाहीत: ०. कोड २५०३०.

या शाफ्टच्या दोन्ही टोकांना सेंटर होल आहेत. ती ‘आतला आकार’ मानायची का? आम्ही ठरवलं, नाही. सेंटर होल हे पार्ट धरण्यासाठी असतं. ते मोजलं तर जवळजवळ प्रत्येक शाफ्टचा तिसरा अंक बदलेल आणि तो अंक काहीच सांगेनासा होईल. रजिस्टरच्या शेवटच्या पानांवर ‘आपले नियम’ असं शीर्षक टाकलं आणि हा पहिला नियम लिहिला.

१४ जून

दुसरा नियम. एकाच शाफ्टवर थ्रेडही आहे आणि सर्क्लिपची ग्रूव्हही, तर अंक मोठा तो घ्यायचा. म्हणजे दुसऱ्या जागी ५ ऐवजी ६. याचा परिणाम सगळ्यांनी समजून घ्यायला हवा: कोडमध्ये ६ दिसला तर त्या पार्टावर थ्रेड असेलही किंवा नसेलही. थ्रेड असलेले पार्ट शोधायचे तर फक्त २ आणि ५ पाहून भागणार नाही.

२० जून

आठवड्याचा बराचसा वेळ खाचांवर गेला. तक्त्यात ‘कार्यात्मक ग्रूव्ह’ आहे. सर्क्लिपची, ओ-रिंगची ग्रूव्ह कार्यात्मक, याबद्दल वाद नाही. पण ग्राइंडिंग व्हीलला जागा मिळावी म्हणून दिलेला अंडरकट? थ्रेडच्या शेवटी टूल बाहेर काढायला दिलेली रिलीफ ग्रूव्ह? डिझाइनच्या दृष्टीने ती पार्टाच्या कामाची नाही, त्यामुळे तिला मोजू नये. शॉपच्या दृष्टीने ग्रूव्हिंग टूल लागतंच, मग ती सर्क्लिपची असो वा रिलीफची.

इथे पहिल्या पानावरचे तीन प्रश्न कामी आले. आकाराचे पहिले पाच अंक डिझाइनच्या शोधासाठी ठेवायचे, तिथे अंडरकट मोजायचा नाही. टूलची माहिती प्रोसेस शीटमधून वेगळी घ्यायची. सगळं एकाच अंकात कोंबायचं नाही.

एक पद्धत फार उपयोगी पडतेय, ती लिहून ठेवतो. ड्रॉइंगचा एक छोटा गठ्ठा दोघांना वेगवेगळा द्यायचा, दोघांनी एकमेकांचं न पाहता कोड लावायचा, मग शेजारी ठेवून जुळतात का बघायचं. जिथे जुळत नाहीत तिथे माणूस दुरुस्त करण्यापेक्षा व्याख्या दुरुस्त करायची. पहिल्या अंकावर फारसे मतभेद होत नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्यावर होतात. चौथ्याचं कारण असं की शाफ्टवर पान्यासाठी केलेले दोन समोरासमोरचे फ्लॅट ही साधी मिलिंग केलेली सपाटी की वर्तुळावर समान भागांत वाटलेली सपाटी, हे तक्ता वाचून ठरत नाही. आम्ही त्यांना वर्तुळावर वाटलेल्या सपाट्या मानलं, कारण दुसरा फ्लॅट करताना जॉब डिव्हायडिंग हेडवर अर्धा फेरा फिरवावा लागतो. नियमाशेजारी त्याचं कारणही लिहिलं. कारण लिहिलेलं असलं की नवा पार्ट समोर आला तरी नियम ताणता येतो.

२७ जून

कोडप्रमाणे यादी लावली. ००१०० हा कोड सगळ्यात जास्त वेळा आला. बारीक जाडीच्या, बाहेरून साध्या, आत साधा बोअर असलेल्या चकत्या, दुसरं काही नाही. ड्रॉइंगवर कुणाचं नाव स्पेसर, कुणाचं कॉलर, कुणाचं रिंग, कुणाचं पॅकिंग पीस. नावाने शोधणाऱ्याला हे कधीच एकत्र दिसले नसते.

पूरक अंकातल्या मापाच्या जागेने यादी आणखी लावल्यावर जवळचे जवळ आले. बाहेरचा व्यास ६०, बोअर ४०, जाडी १२ असलेला एक. शेजारी तेच व्यास आणि जाडी १२.५ असलेला दुसरा. दोन वेगळी ड्रॉइंग, दोन वेगळे पार्ट नंबर, स्टोअरमध्ये दोन वेगळे कप्पे. डिझाइनच्या सहकाऱ्यांना विचारलं की जाडीतला हा अर्धा मिलिमीटर कशासाठी लागतो. काही जोड्यांना खरंच कारण होतं, बेअरिंगचा एंड प्ले (अक्षाच्या दिशेची मोकळीक) त्यावर ठरत होता. त्या तशाच ठेवल्या. बाकीच्यांची यादी त्यांनी तपासायला घेतली आहे. आता नवीन स्पेसर काढायचा तर आधी ००१०० ची यादी उघडायची, असं त्यांनी स्वतःहून ठरवलं. सेल मांडला गेला नाही तरी एवढ्यासाठी हे काम करण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं.

४ जुलै

आज कोडची मर्यादा दाखवणारी दोन उदाहरणं समोर आली आणि पुढची दिशा त्यांच्यामुळे स्पष्ट झाली.

दोन पिना, दोन्ही साध्या गोल सळईसारख्या, दोघींचा कोड २००००. एक साध्या पोलादाची, टर्निंग करून कापली की झाली. दुसरी केस हार्डन होते (वरचा थर कडक केला जातो) आणि मग एच-६ टॉलरन्सवर (मापाच्या फार बारीक मर्यादेत) सिलिंड्रिकल ग्राइंडिंगला जाते. ड्रॉइंगवर त्या जुळ्या बहिणी दिसतात, शॉपमध्ये त्यांची लेथनंतर भेटच होत नाही. हा फरक पूरक अंकांत येतो: सातवा अंक मटेरियलचा, आठवा कच्च्या मालाच्या आकाराचा, नववा अचूकतेचा. म्हणून पाच अंकांवर थांबायचं नाही, असं ठरलं.

उलट बाजूही आहे. ०१००२ हे बोअर नसलेलं झाकण, ०१३०२ हा परवाचा बुश. तिसरा अंक वेगळा, पण दोन्ही पार्ट लेथ आणि ड्रिल याच मार्गाने जातात, त्याच चकवर धरले जातात.

पहिल्या अंकाबाबतही एक निरीक्षण. लांबी २००, एका टोकाला ११० चा फ्लँज आणि बाकी अंग ३० व्यासाचं, असा एक पार्ट आहे. सर्वात मोठ्या व्यासाने भागलं तर १.८, म्हणजे आखूड वर्ग. पण फ्लँज चकमध्ये धरला की ३० व्यासाचं अंग सहापटीहून जास्त बाहेर लोंबतं. व्यासाच्या साधारण तिपटीहून जास्त बाहेर आलं की टेलस्टॉकचा, म्हणजे दुसऱ्या टोकाकडून, आधार लागतो, हे लेथवरच्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणजे कोडने आखूड असलेला हा पार्ट सेटिंगच्या दृष्टीने शाफ्टच आहे.

थोडक्यात, कोडवरून डिझाइनचे गट पडतात. उत्पादनाचे गट पाडायला पार्ट प्रत्यक्ष कुठे कुठे जातो ते पाहावंच लागेल.

११ जुलै

रूट कार्डं, म्हणजे पार्ट कुठल्या मशीनवर कुठल्या क्रमाने जातो ते लिहिलेली कार्डं, काढली. जॉन बर्बिज यांनी १९६० च्या दशकात मांडलेलं उत्पादन-प्रवाह विश्लेषण हेच सांगतं: गट पाडायचे तर आकाराच्या मागे न लागता मार्ग पाहा, कारण माहिती रूट कार्डवर आधीच आहे. गट पाडण्यासाठी कोडिंगची गरजच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तितका पुढे जाणार नाही. स्पेसरची यादी मार्गावरून कधीच सापडली नसती.

आणि मार्गाच्या भरवशावर राहण्यातही धोका आहे. कार्डावर लिहिलेला मार्ग हा त्या दिवशी प्लॅनिंग करणाऱ्याच्या सवयीचा असतो. सारखेच दोन बुश, एकाची पीसीडीची भोकं रेडियल ड्रिलवर, दुसऱ्याची व्हर्टिकल मिलिंगवर, कारण त्या वेळी ड्रिल दुसऱ्या कामात अडकलं होतं आणि मग कार्ड तसंच राहिलं. अशी कार्डं जशीच्या तशी गणितात टाकली तर सवयींचेच गट पडतील. इथे कोड आणि कार्ड एकमेकांना तपासतात: कोड एक असून मार्ग वेगळा दिसला की थांबायचं आणि विचारायचं. बरीच कार्डं अशी सापडली. लेथवरच्या एका ज्येष्ठ ऑपरेटरांनी कार्ड पाहून लगेच सांगितलं की मधलं एक ऑपरेशन कित्येक काळापासून होतच नाही, फक्त कार्डावर आहे. हे कुठल्याही तक्त्यात दिसलं नसतं. त्यांना या कामात कायम बरोबर घेतलं आहे.

१५ जुलै

तक्ता मांडला. ओळीत मशिनं, स्तंभात पार्ट, पार्ट त्या मशीनवर जात असेल तर १. लेथ बाहेर ठेवलं. सगळेच पार्ट लेथवर जातात, त्यामुळे ती ओळ सगळ्यांना एकाच ढिगात ओढते. लेथ अनेक आहेत, त्या शेवटी सेलमध्ये वाटून देता येतील. बर्बिजही मशिनांना अशाच श्रेणी देतात: एकुलती एक विशेष मशिनं आधी, सगळीकडे लागणारी मागाहून.

पद्धत समजावण्यासाठी पाच पार्टांचा छोटा नमुना केला. किंग यांचं १९८० चं रँक ऑर्डर क्लस्टरिंग वापरलं, म्हणजे ओळी आणि स्तंभ वजनांच्या बेरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा लावायचे. यातलं हॉबिंग म्हणजे गिअरचे दाते कापण्याचं काम. स्तंभांचा क्रम क, ख, ग, घ, च आणि त्यांची वजनं १६, ८, ४, २, १.

मिलिंग: ० १ ० १ ० = १०
हॉबिंग: १ ० १ ० १ = २१
ग्राइंडिंग: १ ० १ ० ० = २०
ड्रिलिंग: ० १ ० १ १ = ११

ओळी उतरत्या क्रमाने लावल्या: हॉबिंग, ग्राइंडिंग, ड्रिलिंग, मिलिंग. आता या ओळींना ८, ४, २, १ वजनं देऊन स्तंभ मोजले. क आणि ग १२, च १०, ख आणि घ ३. नवा क्रम क, ग, च, ख, घ:

हॉबिंग: १ १ १ ० ०
ग्राइंडिंग: १ १ ० ० ०
ड्रिलिंग: ० ० १ १ १
मिलिंग: ० ० ० १ १

ओळींची बेरीज पुन्हा केली, २८, २४, ७, ३. क्रम बदलत नाही, म्हणजे काम थांबलं. कर्णावर दोन ठोकळे दिसतात. एक हॉबिंग आणि ग्राइंडिंगचा, दुसरा ड्रिलिंग आणि मिलिंगचा. कागद फळ्यावर लावला तेव्हा शॉपमधली मंडळी थांबून बघत होती. स्तंभ हलवले की गट आपोआप डोळ्यांसमोर येतात, याचा मलाही खूप आनंद झाला.

१८ जुलै

च चा प्रश्न. तो हॉबिंगवर जातो आणि ड्रिलिंगवरही. त्याला पहिल्या सेलमध्ये घातलं तर ड्रिलिंगचा त्याचा १ ठोकळ्याबाहेर राहतो आणि ग्राइंडिंगखाली एक रिकामी जागा पडते. गटांची गुणवत्ता मोजायचं एक सूत्र आहे: तक्त्यातल्या ‘१’ च्या एकूण संख्येतून ठोकळ्याबाहेरचे ‘१’ वजा, भागिले ‘१’ ची एकूण संख्या अधिक ठोकळ्यांतल्या रिकाम्या जागा. इथे (१० − १) / (१० + १), म्हणजे ०.८२. आता च दुसऱ्या सेलमध्ये घालून पाहिला. हॉबिंगचा १ बाहेर, मिलिंगखाली एक रिकामी जागा. पुन्हा ०.८२. साम्य गुणांक काढला तरी तेच. च आणि क यांच्यात एक मशीन समान, दोघांची मिळून तीन, म्हणजे ०.३३. च आणि ख, तेही ०.३३.

गणिताला दोन्ही सारखे. शॉपला नाहीत. हॉबिंग मशीन एकच आहे, महाग आहे, त्याचं सेटिंग वेळखाऊ आहे आणि ते दोन सेलमध्ये वाटता येत नाही. पिलर ड्रिल मात्र साधं मशीन, पहिल्या सेलमध्ये आणखी एक ठेवता येतं. म्हणून च पहिल्या सेलमध्ये, आणि तिथे एक ड्रिल द्यायचं. तक्त्यातल्या प्रत्येक १ ला सारखंच वजन असतं, मशिनांना नसतं. पूर्ण यादीवरही बाहेर पडलेल्या प्रत्येक पार्टासाठी हाच क्रम ठेवला: दुसऱ्या मशीनवर होईल का, नाही तर डिझाइन बदलेल का, नाही तर साधं मशीन वाढवता येईल का, आणि यांतलं काहीच नसेल तरच दोन सेलमध्ये फिरू द्यायचा.

२५ जुलै

बुशच्या गटासाठी संयुक्त पार्ट काढला. मित्रोफानोव्ह यांनी १९५९ च्या पुस्तकात मांडलेली ही कल्पना मला या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर वाटते. गटातल्या प्रत्येक पार्टावरचं प्रत्येक वैशिष्ट्य अंगावर घेतलेला एक काल्पनिक पार्ट: फ्लँज, पायरीचा बोअर, सर्क्लिपची ग्रूव्ह, आतला कीवे, पीसीडीची भोकं, तेलाचं आडवं भोक. असा पार्ट कधीच बनणार नाही. पण मशीन त्याच्यासाठी लावायचं. प्रत्यक्ष पार्ट आला की त्याला नको असलेली ऑपरेशन्स गाळायची.

यावरून सीएनसी लेथच्या टरेटवरच्या (टूलं धरणाऱ्या फिरत्या डोक्यावरच्या) जागा कायमच्या ठरवल्या. रफिंग, फिनिशिंग, बोअरिंग बार, आतलं ग्रूव्हिंग, ड्रिल. जॉब बदलला तरी ही टूलं हलवायची नाहीत. बदलतात फक्त जॉ (चकचे पार्ट धरणारे जबडे) आणि प्रोग्राम. सॉफ्ट जॉसाठी बॅचचा क्रमही ठरवला, लहान व्यासाकडून मोठ्याकडे. जॉ बोअर करून मोठे करता येतात, उलटं करता येत नाही. त्यामुळे एकच संच ओळीने अनेक पार्टांना पुरतो. ड्रिलसाठी एकच बेस फिक्स्चर, वर बदलत्या जिग प्लेट (ड्रिलला जागा दाखवणाऱ्या).

हिशेब सोपा आहे. समजा सेटिंगला ९० मिनिटं लागतात आणि बॅच ३० नगांची आहे, तर नगामागे ३ मिनिटं सेटिंगची. सेटिंग २० मिनिटांवर आलं तर नगामागे ४० सेकंद. पण खरा फायदा मला पुढच्या पायरीत दिसतो: बॅच निम्मी, १५ ची केली तरी नगामागे ८० सेकंदच होतात. म्हणजे पूर्वीपेक्षा कमी खर्चात पूर्वीच्या निम्मा माल वाटेत पडून राहतो.

१ ऑगस्ट

पहिल्या सेलचा भार तपासला. ग्राइंडर दिवसाचा काही वेळ रिकामा राहणार. यावर आक्षेप आला की रिकामं मशीन परवडत नाही. माझं मत नोंदवून ठेवतो: ग्राइंडर भरलेला दिसावा म्हणून दुसऱ्या गटाचे पार्ट या सेलमध्ये आणू नयेत. त्याच्यासमोर पुन्हा रांग लागेल आणि ज्या कारणासाठी सेल मांडतोय तेच जाईल. ऑपरेटरने दोन मशिनं सांभाळावीत, मशीन थांबलं तरी माणूस थांबू नये. यावर सहमती झाली.

बुशचा सेल चाचणीसाठी आधी मांडायचा, त्यात महाग मशीन हलवावं लागत नाही. हॉबिंग मशीनचं फाउंडेशन आहे, त्यामुळे त्या सेलची बाकीची मशिनंच त्याच्याभोवती आणायची. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये कोडसाठी नऊ अंकांची चौकट आजपासून सुरू. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की कोडही पुन्हा तपासायचा. नुसता एक कीवे वाढला तरी चौथा अंक बदलतो आणि पार्टाचा सेलही बदलू शकतो. कोड लावणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने वेगवेगळ्या सह्या करायच्या. पुढच्या आठवड्यात चौकोनी पार्ट, म्हणजे वर्ग ६, ७ आणि ८ चं कोडिंग घ्यायचं. तिथे व्यासाऐवजी लांबी, रुंदी आणि उंचीची गुणोत्तरं लागतील. ‘आपले नियम’ या शीर्षकाखाली त्यासाठी नवीन पान काढलं आहे.